देऊळ आणि धर्मशाळा एक करायची, शाळा वेगळी काढायची: ट्रस्टच्या बाबतीत हा अधिकार कोणाचा?

आर्वी तालुक्यातल्या एका गावातून निवृत्त गुरुजींचं पत्र आलं आहे. त्यांच्या गावात विठ्ठल-रखुमाईचं देऊळ आहे. त्याचा ट्रस्ट ‘ए’ क्रमांकानं नोंदलेला असून देवाच्या नावे १८ एकर वावर आहे. देवळासमोर यात्रेकरूंची धर्मशाळा आहे. ती चालवणारी संस्था वेगळी, तिचा क्रमांक ‘एफ’, म्हणजे ती सोसायटी म्हणूनही नोंदलेली आहे. धर्मशाळेच्या कार्यकारिणीत आता तीनच जण हयात आहेत आणि त्यातले दोघं गाव सोडून गेलेत. देवळाच्या ट्रस्टनं पुढं गावात शाळा काढली. तिची इमारत देवाच्याच २ एकरांवर उभी आहे. आता विश्वस्तांमध्ये दोन तट पडले आहेत. एक म्हणतो धर्मशाळा देवळात विलीन करा, दुसरा म्हणतो शाळा आम्हाला वेगळी काढून द्या. गुरुजी विचारतात, “सगळ्यांच्या सह्यांचा ठराव केला तर भागेल का? की वर्धेला दिवाणी दावा टाकावा? माझा मुलगा अमेरिकेत असतो. तो सांगतो, तिकडे ट्रस्टी स्वतःच ट्रस्ट जोडतात आणि तोडतात.” सोबत त्यांनी जुन्या दानपत्राचा मोबाईलवर काढलेला फोटो पाठवला आहे.

गुरुजी, आधी तुमच्या मुलाचं. तो खोटं सांगत नाही. तिथल्या बऱ्याच राज्यांनी २००० सालचा एक नमुना कायदा कमीअधिक फरकानं स्वीकारला आहे. त्यात विश्वस्तांना लाभार्थींना नोटीस देऊन दोन ट्रस्ट एकत्र करायची किंवा एकाचे दोन करायची मुभा आहे. पण तिथंही दोन अटी आहेत. कोणत्याही लाभार्थीचा हक्क कमी होता कामा नये आणि ट्रस्टच्या हेतूला धक्का लागता कामा नये. अटी आपल्याकडेही जवळपास त्याच आहेत. फरक एवढाच की त्या पाळल्या गेल्या की नाही हे आपल्याकडे विश्वस्त ठरवत नाहीत. सार्वजनिक ट्रस्ट असेल तर ते धर्मादाय आयुक्त ठरवतात आणि त्यांच्यावर जिल्हा न्यायालय आहे. कारणही सरळ आहे. देवळाच्या ट्रस्टचा लाभार्थी म्हणजे उंबऱ्याशी हात जोडणारा प्रत्येक माणूस, आणि त्याची सही कोणत्याच ठरावावर नसते.

खाजगी कौटुंबिक ट्रस्टचं वेगळं आहे. तिथं १८८२ चा भारतीय विश्वस्त कायदा लागतो. सगळे लाभार्थी सज्ञान असतील आणि सगळ्यांची संमती असेल तर ट्रस्टच्या अटी बदलता येतात. एखादा लाभार्थी अज्ञान असेल तर त्याच्या वतीनं जिल्हा न्यायालय संमती देऊ शकतं. तुमचं प्रकरण त्यातलं नाही. तुमच्याकडची तिन्ही कामं सार्वजनिक आहेत. त्यांना १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम लागतो, ज्याला पूर्वी मुंबईचा कायदा म्हणत.

आता ठरावाचं. ठरावानं विलीनीकरण होत नाही. सह्या सगळ्यांच्या असोत, गावजेवण घालून केलेला असो, होत नाही. हे माझं एकट्याचं मत नाही. गुजरातमधल्या एका चर्च-संस्थेनं ठराव करून आपण चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झालो असं धरलं होतं. गुजरातलाही तेव्हा आपलाच १९५० चा कायदा लागू होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००५ मध्ये न्यायालयानं सांगितलं की हे विषय धर्मादाय यंत्रणेच्या कक्षेतले आहेत, दिवाणी न्यायालयात दावा चालणार नाही. त्याच वादातून २०१३ मध्ये पुन्हा निकाल आला. नुसत्या ठरावानं ना संस्था संपते, ना तिची मालमत्ता दुसरीकडे जाते, असं त्यात स्पष्ट झालं. तुमच्या धर्मशाळेची संस्थाही तशीच, १८६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदलेली आणि ट्रस्ट म्हणूनही नोंदलेली. म्हणून हे दोन्ही निकाल तुम्हाला थेट लागू पडतात.

शेजारच्या जिल्ह्यात मी याचा परिणाम डोळ्यांनी पाहिला आहे. दोन ट्रस्टच्या मंडळींनी ठराव केला, एक बँक खातं बंद केलं, हिशेब एकत्र लिहायला लागले. काही वर्षं कोणी विचारलं नाही. मग रस्त्यासाठी जमीन संपादित झाली आणि मोबदला कोणाच्या नावे काढायचा हा प्रश्न आला. सातबारा एका ट्रस्टचा, खातं दुसऱ्याचं, आणि पहिल्याचं लेखापरीक्षण बंद पडलेलं. पैसे अडकून राहिले. ज्या देवाची जमीन गेली त्याच्या गाभाऱ्याचं छप्पर त्या पावसाळ्यात गळत होतं. त्या लोकांनी एक रुपयाही खाल्लेला नव्हता. त्यांना वाटत होतं, आपण चांगलंच करतो आहोत.

मग रस्ता कोणता? १९५० च्या कायद्याचं कलम ५०-अ. ट्रस्टचा कारभार नीट चालावा म्हणून योजना, म्हणजे स्कीम, तयार करायचा अधिकार या कलमानं धर्मादाय यंत्रणेला दिला आहे. ट्रस्टमध्ये हितसंबंध असलेल्या दोन किंवा अधिक व्यक्तीही योजनेसाठी अर्ज करू शकतात. देवळाच्या बाबतीत तिथं पूजेला जाणारा माणूसही हितसंबंधी धरला जातो, त्यासाठी तो विश्वस्त असावा लागत नाही. याच कलमात पुढं आहे की दोन किंवा अधिक ट्रस्ट एकत्र करणं कारभाराच्या हिताचं आहे असं मत झालं तर सामायिक योजना करून ते एकत्र करता येतात. पण त्याआधी राजपत्रात नोटीस हवी, गरज पडली तर वर्तमानपत्रात हवी, आणि दोन्हीकडच्या विश्वस्तांना व इतर हितसंबंधींना म्हणणं मांडायची संधी हवी.

नोटिशीला लोक उपचार समजतात. माझा आग्रह असतो की वर्तमानपत्राबरोबर ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, देवळाच्या सभामंडपात लावा, काल्याच्या दिवशी वाचून दाखवा. एका प्रकरणात असंच वाचलं गेलं आणि पुढच्या तारखेला एक सत्तरीतली आजी एसटीनं वर्धेला आली. पदराच्या गाठीत घडी करून ठेवलेली पावती होती, शाई निळ्याची तपकिरी झालेली. तिच्या सासऱ्यानं धुऱ्यालगतची विहीर पाणपोईसाठी दिली होती. दोन्ही ट्रस्टच्या कागदांत त्या विहिरीचा उल्लेखच नव्हता आणि खालचं वावर मक्त्यानं, म्हणजे खंडानं, घेणारा माणूस ती आपली समजत होता. तिची पावती आली नसती तर एकत्रीकरणाच्या योजनेत विहीर सुटली असती आणि ती कायमची गेली असती. तेव्हापासून नोटीस गावात वाचली गेल्याचा पंचनामा मी फाइलीत लावतोच.

आता तुमच्या दानपत्राकडे येतो, कारण तुमच्या प्रकरणाचा जीव त्यातच आहे. मोडी जाणणाऱ्या माणसाकडून फोटो वाचून घेतला. मालगुजारांनी वावर दिलं ते, त्यांच्या शब्दांत, “श्रींचे नंदादीपास व आषाढी-कार्तिकीस येणारे वारकऱ्यांचे भाकरीस”. गुरुजी, ही एक ओळ तुमच्या सगळ्या भांडणांपेक्षा मोठी आहे. नंदादीप म्हणजे देऊळ. पण वारकऱ्यांची भाकर म्हणजे धर्मशाळेचंच काम. देणाऱ्याच्या मनात ही दोन कामं पहिल्यापासून एकत्र होती. कागदोपत्री ती पुढं वेगळी नोंदली गेली, बहुधा धर्मशाळा बांधताना वर्गणीसाठी वेगळी संस्था काढली म्हणून. त्यामुळे देऊळ आणि धर्मशाळा एक करण्याचा तुमचा अर्ज मला भक्कम वाटतो. त्यात ‘विश्वस्त मिळत नाहीत’ हे कारण दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. पहिलं कारण हे लिहा की मूळ दात्याचा हेतूच दोन्ही कामांचा होता, आणि एकत्र केल्यानं तो हेतू जास्त नीट पुरा होईल.

धर्मशाळेची संस्था सोसायटी असल्यानं तिच्याकडून आणखी एक काम आहे. सोसायटी कायद्याच्या कलम १२ प्रमाणे विलीनीकरणाचा लेखी प्रस्ताव सभासदांना द्यायचा, दहा दिवस आधी नोटीस देऊन विशेष सभा घ्यायची आणि तीन-पंचमांश मतं मिळवायची. मग एक महिन्याच्या अंतरानं दुसरी विशेष सभा घ्यायची आणि तिथंही हजर सभासदांच्या तीन-पंचमांशांनी मंजुरी द्यायची. दोन्ही सभा घ्या. एकाच दिवशी दोन इतिवृत्तं लिहून ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तुमच्याकडे सभासदच उरले नसतील तर तसं अर्जात खरं लिहा. सगळ्या सभासदांची यादी जोडा, मयतांचे दाखले जोडा, पत्ता बदललेल्यांना पोस्टानं पाठवलेल्या नोटिशींच्या पावत्या जोडा. अधिकारी अडचण समजून घेतात, पण बनावट सही दिसली की पुढचं काहीच ऐकत नाहीत.

त्याही आधी धर्मशाळेचे चेंज रिपोर्ट पाहा. विश्वस्त मयत झाला, नवा नेमला, तर ९० दिवसांत १९५० च्या कायद्याच्या कलम २२ खाली धर्मादाय कार्यालयाला कळवायचं असतं. तुमच्याकडे ते वर्षानुवर्षं दिलेले नाहीत असं पत्रावरून दिसतं. रजिस्टरवर ज्यांची नावं आहेत ते हयात नाहीत आणि अर्जावर ज्यांच्या सह्या आहेत त्यांची नावं रजिस्टरवर नाहीत, असं झालं तर विरोधी तटाचा वकील पहिल्याच तारखेला ‘अर्जदार कोण?’ हा प्रश्न उभा करेल. विलंबाचं कारण देऊन ते चेंज रिपोर्ट आधी निकाली काढा. सहा महिने जातील, जाऊ द्या.

शाळेचं मात्र मला वेगळंच दिसतं, आणि इथं मी तुमच्या दोन्ही तटांना नाराज करणार आहे.

शाळा वेगळी हवी असणाऱ्यांची मागणी आहे की ट्रस्टचे दोन ट्रस्ट करा, शाळा आणि तिच्याखालची २ एकर जागा आमच्याकडे द्या. योजनेच्या मार्गानं कारभार वेगळा करता येतो. एकाच ट्रस्टमध्ये दोन समित्या, दोन खाती, दोन ताळेबंद ठेवता येतात. वेगळी संस्था काढून शाळेचं व्यवस्थापन तिच्याकडे सोपवता येतं. पण विभाजनाचा अर्ज हाती घेताना मी एकच गोष्ट शोधतो: कोणती मालमत्ता कोणत्या कामासाठी दिली होती? विश्वस्तांचं पटत नाही हे विभाजनाचं कारण होत नाही. माणसांचं भांडण असेल तर त्यावर कलम ४१-अ खालचे आयुक्तांचे निर्देश आहेत, निवडणूक आहे, विश्वस्ताला दूर करण्याची कार्यवाही आहे. त्यासाठी देवाची जमीन कापायची गरज नाही.

आणि दानपत्रात शाळेचा शब्द नाही. ट्रस्टच्या परिशिष्ट-१ च्या, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदवहीच्या, उताऱ्यात उद्देशाच्या रकान्यात ‘पूजाअर्चा, उत्सव, अन्नदान’ एवढंच आहे. शाळा चांगल्या मनानं काढली, गावातली तीन पिढ्यांची मुलं तिथं शिकली, तुम्हीही तिथंच शिकवलंत. ते मोल कोणी नाकारत नाही. पण धार्मिक हेतूनं दिलेलं, तो हेतू जिवंत असताना, दुसऱ्या कितीही चांगल्या कामाकडे वळवता येत नाही. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयानं याच कायद्याची छाननी केली तेव्हा नेमका हा भाग रद्द ठरवला. मूळ धार्मिक हेतू पुरा करता येत असताना केवळ ‘हे जास्त सोयीचं’ म्हणून धार्मिक ट्रस्टचा पैसा दुसरीकडे नेण्याची मोकळीक आयुक्तांना किंवा न्यायालयाला देता येणार नाही, असं न्यायालयानं म्हटलं. मूळ हेतूच निष्फळ झाला असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा कलम ५५ आणि ५६ खाली न्यायालयाकडून निर्देश घेता येतात, आणि तिथंही न्यायालय देणाऱ्याच्या मूळ इच्छेच्या जितकं जवळ राहता येईल तितकं राहतं. तुमच्याकडे नंदादीप रोज लागतो आणि कार्तिकीला पंगत बसते. हेतू निष्फळ झालेला नाही.

म्हणून माझा सल्ला असा. शाळेसाठी वेगळी संस्था काढा, तिचा कारभार वेगळा करा, पण जमीन विठ्ठलाचीच राहू द्या. शाळेनं ती भाडेपट्ट्यानं घ्यावी. बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं द्यायची तर कलम ३६ खाली आधी परवानगी लागते, शेतजमिनीसाठी ही मर्यादा दहा वर्षांची आहे. परवानगी मागताना भाडं वाजवी ठेवा, नाममात्र एक रुपया ठेवू नका. त्या भाड्यातून नंदादीपाचं तेल येऊ द्या. शाळेला जागेची शाश्वती मिळेल आणि देवाची मालमत्ता एक इंचानं कमी होणार नाही. इमारत कोणाच्या पैशानं बांधली हे मात्र शोधा. गावकऱ्यांच्या वर्गणीतून किंवा शासकीय अनुदानातून बांधली असेल तर तशी नोंद वेगळी घ्यावी लागेल, कारण तो पैसा शाळेसाठीच दिला गेला होता. शाळा अनुदानित असेल तर व्यवस्थापन बदलायला शिक्षण विभागाची परवानगी लागते. शिक्षकांची सेवा आणि ज्येष्ठता यांचं काय होणार हे त्या प्रस्तावात स्पष्ट लिहावं लागतं. धर्मादायचा आदेश हातात आला म्हणून शिक्षकांचे पगार आपोआप सुरळीत राहतील असं समजू नका.

विदर्भातल्या ट्रस्टसाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगाव्या लागतात. पुण्या-मुंबईच्या माहितीपुस्तिकांत त्या सहसा सापडत नाहीत. पहिली अशी की आपला भाग १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता आणि इथले जुने ट्रस्ट तिथल्या १९५१ च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदले गेले होते. आपला आताचा कायदा इथं साठच्या दशकाच्या सुरुवातीला लागू झाला. त्यामुळे कित्येकदा मूळ अर्ज, दात्याचा जबाब, मालमत्तेची पहिली यादी धर्मादाय कार्यालयात सापडत नाही. ती जिल्हाधिकारी कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये असते. तिथली नक्कल आधी काढा. आजच्या उताऱ्यात आणि त्या यादीत फरक सापडला तर आधी तो दुरुस्त करून घ्या, एकत्रीकरण त्यानंतर.

दुसरी गोष्ट कुळकायद्याची. विदर्भाला स्वतंत्र कुळकायदा आहे, १९५८ चा. त्याच्या कलम १२९ खाली सार्वजनिक धार्मिक आणि धर्मादाय ट्रस्टच्या जमिनींना सूट मिळते आणि त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र लागतं. जमिनीचं सगळं उत्पन्न ट्रस्टच्याच कामासाठी वापरलं जातं ही त्यातली अट आहे. तुमची १६ एकर अजूनही मक्त्यानं जाते. मक्त्याचा पैसा शाळेच्या खर्चात गेल्याचं लेखापरीक्षणात दिसलं तर एखादा जुना कसणारा त्याचाच आधार घेऊन कुळहक्क मागू शकतो. ते प्रमाणपत्र शोधा, कोणत्या ट्रस्टच्या नावे आहे ते पाहा, आणि एकत्रीकरणाच्या योजनेत त्या जमिनीचा खसरा क्रमांक टाकूनच उल्लेख करा. ‘मंदिराची शेती’ एवढं मोघम लिहून चालत नाही.

आयकराचं थोडक्यात. दोन्ही ट्रस्टची आयकर नोंदणी आहे का आणि उद्देश जुळतात का हे सीएकडून लेखी घ्या. नोंदणीकृत ट्रस्ट अशा संस्थेत विलीन झाला जिला नोंदणी नाही किंवा जिचे उद्देश वेगळे आहेत, तर साठलेल्या मालमत्तेच्या मूल्यावर कर लागतो. २०१६ पासून ही तरतूद आहे आणि छोट्या ट्रस्टला ती पेलत नाही.

दिवाणी दाव्याचं राहिलं. १९५० च्या कायद्याच्या कलम ८० प्रमाणे जे प्रश्न त्या कायद्यानं धर्मादाय अधिकाऱ्यांकडे दिले आहेत ते दिवाणी न्यायालयात नेता येत नाहीत. कलम ५० खाली योजनेसाठी दावा करता येतो, पण त्याला आधी आयुक्तांची लेखी संमती लागते. तुमच्या कामासाठी तो वळसा घ्यायची गरज नाही. न्यायालयाची पायरी नंतर येते. कलम ५०-अ खालच्या आदेशानं कोणाचं नुकसान झालं असं त्याला वाटलं तर कलम ७२ खाली ६० दिवसांत जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो, आणि तिथून पुढं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात अपील आहे. म्हणून आदेश आल्याबरोबर बँक खाती एकत्र करू नका. ६० दिवस जाऊ द्या, ७२ चा अर्ज पडला नसल्याची खात्री करा, मग परिशिष्ट-१ मध्ये नोंद करून घ्या, आणि ती नोंद घेऊन पटवाऱ्याकडे फेरफाराला जा. सातबारावर भोगवटदाराच्या रकान्यात देवाचंच नाव राहिलं पाहिजे. कायद्यानं देव ही व्यक्ती आहे आणि जमीन तिची आहे. फेरफार लिहिताना घाईत तिथं अध्यक्षाचं नाव चढतं आणि पुढच्या पिढीत त्याची मुलं वारसनोंदीचा अर्ज घेऊन उभी राहतात. अशी तीन प्रकरणं आज माझ्या टेबलावर आहेत.

एकत्रीकरणाच्या योजनेत धर्मशाळेच्या नावाची स्वतंत्र उपसमिती ठेवा आणि यात्रेच्या दिवसांत खोल्या वारकऱ्यांना विनामूल्य मिळतील असं कलम स्पष्ट शब्दांत घाला. एकत्र झाल्यावर छोटं काम मोठ्यात विरून जातं. खोल्यांमध्ये सोयाबीनची पोती रचली जातात, मग एक खोली कोणाला तरी राहायला दिली जाते. योजनेत लिहिलेलं असलं की उद्या कोणताही वारकरी तक्रार घेऊन येऊ शकतो.

अर्ज करण्याआधी भेटायला या. दानपत्राची झेरॉक्स नको, मूळ कागद आणा. घडीवर तो फाटत चालला आहे, फोटोत दिसतं, तेव्हा प्लास्टिक लॅमिनेशन करू नका, दोन कोऱ्या पुठ्ठ्यांमध्ये ठेवून आणा. लॅमिनेशन केलेला कागद पुरावा म्हणून दाखवताना शाईवर आणि शिक्क्यावर वाद निघतात. आणि दुसऱ्या तटातल्या कोणाला तरी सोबत घेऊन या. ती ओळ त्यांच्यासमोरही वाचून घेऊ.